काशी खाते

गेल्या चैत्रातली गोष्ट. सकाळचे सामायिक आटोपून बाई ओसरीवर आल्या आणि मी दुकानाला निघण्याच्या बेतात असताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "काशी खात्यात किती आहेत?"

आमच्या घरात आईला बाई म्हणण्याची रीत आहे. घरचे बोलणे मारवाडीत चालते. इथे ते मराठीत उतरवतो आहे, एवढाच फरक. बाईंचे वय आज 79. गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येते, पण स्मरण असे की 40 वर्षांपूर्वी कोणत्या गाठीत किती नग कमी निघाले तेही त्या सांगू शकतात. तरीही काशी खात्याचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान आहे. जुन्या चोपड्यांचा ढीग माळ्यावर लाल कपड्यात बांधून ठेवलेला असतो. संध्याकाळी मी तो खाली उतरवला. बाबूजींच्या उभ्या, दाबून लिहिलेल्या अक्षरांत 'श्री काशी खाते' असे शीर्षक असलेले पान दर वर्षीच्या खतावणीत सापडले. 1983 ते 2011 अशी 29 वर्षे, दर लाभपंचमीला, नव्या चोपड्यात शुभारंभाच्या ओळी लिहून झाल्या की एक छोटी रक्कम त्या खात्यात जमा होत असे. पहिली 10 वर्षे 51 रुपये, पुढची 10 वर्षे 101, आणि शेवटची 9 वर्षे 501. एकूण 6,029. नावे बाजू कोरी. 2012 च्या पावसाळ्यात बाबूजी गेले आणि पुढची पाने मी कधी उघडलीच नाहीत. मी नवा संगणक आणला, त्यात सगळी खाती चढवली. हे एक राहून गेले. दुकानाचे 6,029 रुपयांचे देणे मी 13 वर्षे विसरलो होतो. व्यापाऱ्याच्या मुलाला याहून अधिक लाज वाटावी असे फारसे काही नसते.

या खात्याचा जन्म मात्र मला चांगला आठवतो. 1983 चा ज्येष्ठ महिना होता आणि मी 15 वर्षांचा होतो. तोपर्यंत बनारसचा माल आडत्यामार्फत यायचा; त्या वर्षी बाबूजी प्रथमच स्वतः खरेदीला गेले. चौकाजवळच्या कुंज गलीत शालूंच्या ठोक व्यापाऱ्यांच्या गाद्या आहेत. पांढऱ्या शुभ्र बैठकीवर बसायचे, समोर थान उलगडत जायचे, दर ठरायचा, पुन्हा दुसरे थान. तीन दिवस हेच चालले. घरून निघताना त्यांनी पूजेचे कपडे नेले होते, कारण काशी ही पार्श्वनाथ प्रभूंची जन्मभूमी, आणि भेलूपुरातले त्यांचे मंदिर कुंज गलीपासून सायकलरिक्षाने फार तर अर्ध्या तासावर. शेवटच्या दिवशी सकाळी स्नान करून, पिशवी घेऊन ते निघालेही होते. तेवढ्यात गादीवरून निरोप आला की रात्री विणकरांकडून नवा माल उतरला आहे, दुसरे व्यापारी येण्याआधी नजर टाकून जा. नजर टाकता टाकता गाडीची वेळ झाली.

ते घरी पोहोचले तेव्हा बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "प्रभूंचे दर्शन कसे झाले?"

बाबूजी काही बोलले नाहीत. पिशवीतून पूजेचे कपडे जसेच्या तसे, घडीसुद्धा न मोडलेले, बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी उपवास केला. त्या दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला काशी खाते उघडले गेले. पुढे दर वर्षी जायचे ठरत असे आणि दर वर्षी लग्नसराई, माझ्या बहिणींची लग्ने, भागीदारी वेगळी होणे, माझे आजारपण, असे काही ना काही आडवे येत असे. आणि खरे सांगायचे तर बनारसचा माल आता फोनवर येऊ लागला होता. जाण्याचे निमित्तच उरले नव्हते. निमित्त लागते ही गोष्टच मला त्या वेळी खटकली नाही.

तर, यंदा जायचे असे ठरले. मी, माझी पत्नी आणि बाई. आम्हा तिघांचीही ही पहिली काशी. व्यापारी स्वभावाप्रमाणे मी लगेच एका कागदावर आखणी केली. पहिला दिवस भेलूपूर आणि भदैनी. दुसरा दिवस सिंहपुरी आणि चंद्रावती. तिसऱ्या दिवसापुढे मी 'कुंज गली, माल' असे लिहिले होते. एवढ्या दूर जातोच आहोत तर एका फेरीत दोन कामे होतील, प्रवासखर्चही सुटेल, हा माझा विचार. बाईंनी चष्मा लावून कागद वाचला.

"हा तिसरा दिवस कोणाचा?"

मी समजावू लागलो. त्यांनी शांतपणे विचारले, "खात्याचे नाव काय लिहिले आहे त्यांनी? काशी खाते ना? का खरेदी खाते?"

मग त्यांनी जे सांगितले त्याने माझ्या आखणीचा पायाच हलला. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1990 च्या आसपास एका चातुर्मासात साध्वीजींच्या व्याख्यानातून बाई आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी रेशीम अंगाला लावले नाही. कोशातून अखंड धागा मिळावा म्हणून आतल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. बाईंनी ते ऐकून घेतले, एवढेच. 1994 मध्ये माझ्या लग्नात शालूंच्या व्यापाऱ्याची पत्नी सुती लुगड्यात उभी होती. नातेवाइकांत कुजबुज झाली. ते लुगडे बाबूजींनी स्वतः कोईमतूरच्या मालातून निवडून आणले होते, ही गोष्ट त्या कुजबुजणाऱ्यांना माहीत नव्हती. दुकानात मात्र शालू विकले जात राहिले. बाईंनी त्याबद्दल बाबूजींना किंवा मला कधी एक शब्द विचारला नाही. दुकान तुमचे, अंग माझे, अशी काहीशी त्यांची समजूत असावी असे मी मानत आलो.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "काशीत प्रभूंनी काय केले? कमठ तप करत बसला होता. चहूकडे अग्नी पेटवलेला. लोक हार घालत होते. पार्श्वकुमारांना जळत्या लाकडात साप दिसला. त्यांनी लाकूड फोडायला लावले आणि मरत्या जिवाच्या कानी नवकार घातला. कमठाला तो साप माहीत नव्हता बाबा. आपल्याला माहीत आहे. त्या गावात मी दर्शनाला जाईन आणि तू त्याच दिवशी कोशाचा भाव करशील, असे नको."

रागाचा लवलेश त्या बोलण्यात नव्हता. मी तिसऱ्या दिवसावर रेघ मारली. पण मनातला विचार तसा रेघेने जात नाही. आमच्या लग्नसराईचा मोठा वाटा आजही शालूंचा आहे. हल्ली 'बनारसी' म्हणून जे खपते त्यातले पुष्कळसे सुरतेच्या यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे असते; त्यात जीव वाचतो, पण ग्राहकाला अस्सल म्हणून दिले तर सत्य बुडते. एक व्रत सांभाळावे तर दुसरे निसटते, अशी आमच्या धंद्याची गंमत आहे. मी दोन्ही प्रकार विकतो आणि विचारले तर खरे सांगतो. न विचारले तर? या प्रश्नापाशी मी सध्या आहे.

मग दिवस ठरवण्याचे काम आले. प्रभूंच्या जन्मकल्याणकाची पोष दशमी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पंचांगात मार्गशीर्ष वद्य दशमी, हा सर्वांत मोलाचा दिवस. बाई दर वर्षी त्या तीन दिवसांची एकासणी करतात. पण डिसेंबरात उत्तरेत धुके पडते, गाड्या तासन्‌तास खोळंबतात, आणि तीन दिवस एकासणी करणाऱ्या 79 वर्षांच्या बाईंना एखाद्या फलाटावर कुडकुडत बसवणे मला धाडसाचे वाटले. कार्तिकी पौर्णिमेला तिथे देवदिवाळी. सगळे घाट दिव्यांनी भरतात आणि गाव माणसांनी. चातुर्मास तर त्याच दिवशी उठतो, त्यामुळे त्याआधी निघणे नाही. माघात प्रयागच्या मेळ्याची गर्दी. फाल्गुनात होळीला घरी जाणाऱ्यांनी त्या मार्गाच्या गाड्या तुडुंब भरलेल्या. मग मार्चअखेर, हिशेब. वैशाखात काशीचे ऊन. एकेक महिना खोडत मी कागदाच्या तळाशी आलो. उरला एकच तुकडा, पौर्णिमेनंतरचा कार्तिक वद्य पंधरवडा. हवा कोरडी, धुके अजून दूर, गर्दी ओसरलेली. आणि तुळशीचे लग्न लागून नेमकी आमची लग्नसराई सुरू झालेली! खेड्यांवरून बैठकीच्या बैठकी बस्त्याला येतात ते हेच दिवस. वर्षाची कमाई त्या दोन-तीन आठवड्यांवर तोललेली असते.

तो कागद मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी मुलाने, जो 28 वर्षांचा आहे आणि ज्याच्यावर मी आजवर गल्ला सोपवला नव्हता, स्वतःहून सांगितले, "मी बघतो. तुम्ही जा." बाबूजींना असे म्हणणारे कोणी नव्हते, कारण मी म्हटले नव्हते. कार्तिक वद्य पंचमी मुक्रर झाली.

रेल्वेचे आरक्षण हल्ली 60 दिवस आधी उघडते. पर्युषण आटोपले, खमतखामणा झाला, आणि भाद्रपदातल्या त्या ठरल्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मुलगा संगणकापुढे बसला. सुरतेहून निघून खानदेश ओलांडत जाणाऱ्या गाडीचे नावच ताप्ती-गंगा. आमच्या नदीचे नाव आधी आणि त्यांच्या नदीचे नंतर, याचे बाईंना फार कौतुक वाटले. भुसावळला चढायचे, एक रात्र गाडीत. मी खालच्या मधल्या सगळ्या जागा चांगल्या वर्गाच्या घेऊ पाहत होतो. बाईंनी अट घातली की काशी खात्यात जेवढे आहेत तेवढ्यात दोन तिकिटे जाण्यायेण्याची बसली पाहिजेत. मी म्हटले, 1983 चे 51 रुपये म्हणजे आजचे किती याचा हिशेब करू या, व्याज धरू या. त्यांनी हात वर केला. "त्यांनी व्याज लावले नाही. तू लावू नकोस."

दोन तिकिटे वातानुकूलित तीन टायरची, परतीसह, त्यात बसली आणि वर थोडे रुपये उरले. तिसरे तिकीट माझ्या पत्नीचे, ते मी माझ्या पैशांतून काढले. मी सहज विचारले की खात्यातली दोन तिकिटे कोणाची धरायची, बाईंची आणि सुनेची का? बाई म्हणाल्या, "एक माझे. एक त्यांचे. त्यांच्या जागेवर तू बस."

मी उठून पाणी प्यायला आत गेलो.

स्वयंपाकघरात वेगळीच आखणी चालू आहे. काशी आपल्या गावाच्या बरीच पूर्वेला, त्यामुळे कार्तिकात तिथे सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. आमच्याकडच्याहून अर्ध्या तासाने लवकर. चौविहाराचे घड्याळ पुढे सरकवावे लागणार. पावणेपाचला पानावर बसायचे तर चंद्रावतीहून चारच्या आत परत फिरायला हवे, अशी साखळी मागे मागे जात सकाळच्या नवकारशीपर्यंत पोहोचते. उकाळलेल्या पाण्याची मर्यादा थंडीत चार प्रहर, म्हणजे 12 तास. गाडीचा प्रवास त्याहून लांब. म्हणून विजेची किटली घेतली, आणि ती गाडीतल्या मोबाइलच्या खटक्यावर लावायची नसते हे कळल्यावर दोन मोठे थर्मास घेतले. जबलपूरच्या पुढे कुठे तरी पहाटे पाणी पुन्हा उकाळून कसे मिळेल यावर पत्नी आणि बाई यांची अजून चर्चा चालू आहे. खाखरे, सुखडी, मुगाच्या वड्या. थंडीत मिठाईचा काळ 30 दिवसांचा, त्यामुळे सुखडीची काळजी नाही. मुलाने मोबाइलवर बनारसच्या खाद्यपदार्थांची लांबलचक यादी काढून दिली होती. कचोरीबरोबर बटाट्याची भाजी, चाटमध्ये बटाटा, आणि जे बटाट्यावाचून आहे ते दिवेलागणीनंतर मिळणारे. यादी त्याच्याकडेच परत गेली.

भेलूपुरात श्वेतांबर आणि दिगंबर अशी दोन्ही आम्नायांची मंदिरे जवळजवळ आहेत, धर्मशाळा आहे. तळमजल्याची खोली फोनवर सांगून ठेवली. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांची भदैनी गंगेच्या काठावर. घाटाच्या बाजूने पायऱ्याच पायऱ्या, म्हणून वरच्या गल्लीतून जायचे. अकरावे श्रेयांसनाथ यांची सिंहपुरी म्हणजे सारनाथचा परिसर, शहरापासून सुमारे 10 किलोमीटर. त्याच दिशेला आणखी पुढे, गंगाकाठीच, आठव्या चंद्रप्रभूंची चंद्रावती. चार तीर्थंकर एका नगरीच्या पंचक्रोशीत जन्मले आणि चौघेही निर्वाणाला सम्मेतशिखरावर गेले. पत्नीला सारनाथच्या संग्रहालयातले चार सिंह पाहायचे आहेत, आपल्या प्रत्येक नोटेवर असतात ते. संग्रहालय शुक्रवारी बंद, म्हणून तो वार टाळून दुसरा दिवस बसवला. अधल्या दिवशी नावेतून घाट पाहावेत असे मला वाटते. बाईंना नावेत बसण्याची भीती वाटते, पण त्या ती कबूल करत नाहीत.

या निमित्ताने मी बऱ्याच वर्षांनी वाचायला बसलो. आपल्यापैकी किती जणांनी बनारसीदासांचे 'अर्धकथानक' वाचले असेल? 1641 मध्ये एका जैन व्यापाऱ्याने लिहिलेली स्वतःची कथा. जौनपूरला 1586 मध्ये जन्म, पुढे आग्र्याला व्यापार, त्यात नफ्यापेक्षा तोटेच अधिक, आणि ते तोटे लपवून न ठेवता पद्यात लिहून टाकले! त्यांचे पाळण्यातले नाव विक्रमाजित. वडील खरगसेन त्यांना घेऊन काशीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेले, तिथल्या पुजाऱ्याने सांगितले की प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलाला द्या, आणि विक्रमाजितचे बनारसीदास झाले. तरुणपणी त्यांनी काशीची यात्रा होईपर्यंत दूध, दही, तूप असे पदार्थ सोडले होते. हे मी बाईंना वाचून दाखवले. "मग गेले का?" त्यांनी विचारले. गेले, म्हटले, कार्तिकी पौर्णिमेला, गंगास्नानाला निघालेल्या गर्दीबरोबर. "म्हणजे गर्दीत गेले तरी चालते," त्या म्हणाल्या. डिसेंबरचे माझे धुके त्या अजून विसरलेल्या नाहीत.

दुसरी आठवण उपाध्याय यशोविजयजींची. सतराव्या शतकात गुरूंबरोबर ते काशीला न्यायशास्त्र शिकायला गेले. त्या काळी तिथे शिकायचे तर पंडितांना दक्षिणा द्यावी लागे. परंपरा सांगते की तो खर्च अहमदाबादचे श्रेष्ठी धनजी शूरा यांनी उचलला. यशोविजयजी 'न्यायविशारद' होऊन परतले. मी या धनजी शेठांचा फार विचार करतो. त्यांनी काशीला रोकड पाठवली आणि तिथून एकही गाठ मागवली नाही.

शेवटी एक फोन करणे बाकी होते. ज्या गादीवर बाबूजी 1983 मध्ये बसले होते तिथल्या घराशी आमचा व्यवहार अजून आहे. आज तिसरी पिढी गादी सांभाळते. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही. 20 वर्षे फक्त आवाज ओळखतो. काशीला येतो आहोत आणि खरेदी करणार नाही, हे सांगायला मला इतका संकोच वाटला की मी दोन वेळा फोन उचलून खाली ठेवला. त्यांनी ऐकून घेतले, क्षणभर थांबले आणि म्हणाले की माताजींना घेऊन या, गादीवर फक्त बसा, एक थानसुद्धा उलगडणार नाही. बाईंना हे सांगितले. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला. "जाऊ," दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "माणसाला भेटायला हरकत काय? विणणाऱ्यालाही भेटता आले तर बघ. त्यांच्या घरात मुले काय शिकतात ते विचारू."

निघायला आता 11 दिवस आहेत. बाई रोज सकाळी उपाश्रयाच्या तेरा पायऱ्या चढून उतरतात आणि पुन्हा चढतात. सराव, असे म्हणतात. मी लाभपंचमीला जुनी खतावणी काढून काशी खात्याच्या कोऱ्या बाजूला तिकिटांची रक्कम नावे टाकली. उरलेले रुपये भंडारात टाकायला एका पाकिटात वेगळे ठेवले आहेत.

काल रात्री सामान बांधताना बाईंनी माझ्यासाठी पूजेची जोडी पिशवीत ठेवली. मी म्हटले, माझी धोती आणि खेस मी घेतले आहेत. त्यांनी माझी जोडी बाहेर काढली, बोटांत धरून पाहिली आणि कपाटात परत ठेवली.

"ती रेशमाची आहे. ही सुती आहे. त्यांच्यासाठी आणून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तुला थोडी आखूड होईल."